पाण्याआधी कागद

आमच्या तालुक्याच्या कोर्टातले नाझर खुर्चीत बसले की पुस्तकातलं मराठी बोलत आणि उठून उभे राहिले की मालवणी. मधलं काही नाही. बसता-बसता, म्हणजे गुडघे वाकले आहेत पण बूड अजून खुर्चीला टेकलेलं नाही, अशा अवस्थेत हा माणूस कुठली भाषा बोलत असेल, याचं मला फार कुतूहल होतं. म्हणून एकदा मी बरोबर त्याच क्षणी त्यांना एका दाव्याची तारीख विचारली. ते आधी नीट टेकले, धोतराचा सोगा मांडीवर घेतला, आणि मग म्हणाले, "आपण काय विचारलंत?"

उभे असते तर तेच वाक्य "काय इचारलंस रे, झिला?" असं आलं असतं.

मी तेव्हा एका वकिलांचा कारकून होतो. वकिलाचा कारकून म्हणजे कोट नसलेला वकील. सगळी धावपळ त्याची आणि सगळं श्रेय कोटाचं. आणि नाझर म्हणजे कोर्टाची समन्सं आणि नोटिसा लोकांच्या घरी नेऊन देणाऱ्या बेलिफांचा मुकादम. दावा कितीही मोठा असो, समन्स प्रतिवादीच्या हातात पडेपर्यंत तो जागचा हलत नाही. त्यामुळे जज्जसाहेबांच्या खालोखाल आम्ही कोणाला नमस्कार करत असू तर तो नाझरांना.

त्यांच्या या दोन भाषा साऱ्या तालुक्याला पाठ होत्या. ज्याला काम करून घ्यायचं असे तो काही तरी निमित्ताने त्यांना उठवून व्हरांड्यात आणी. "नाझरानू, भायर जरा येवा, पावसाचा काय लक्षण दिसता ता बघा." नाझर उठत, बाहेर येत, आकाशाकडे बघत आणि काम होऊन जाई. पण एखाद्याला नाही म्हणायचं असलं, की ते आधी खुर्ची ओढून बसत. ते बसायला लागले की पक्षकार समजून चपला घालू लागे.

मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. व्हरांड्यात विचारलं, म्हणून खरं उत्तर मिळालं.

"खुर्ची सरकारची आसा," ते म्हणाले. "तिका मालवणी येणा नाय."

"आणि पाय?"

"पाय माझे आसत मरे."

अंगाने ते पोफळीसारखे, उंच आणि वाऱ्याने हलतील असे. काळा कोट बारा महिने अंगावर. पण माणसाची ओळख अंगावरून होत नाही, खाजेवरून होते, आणि नाझरांची खाज एकच होती. त्यांना कुठल्याही गोष्टीची नेमकी जागा हवी असे. दिवस कुठे संपतो आणि संध्याकाळ कुठे लागते? झाडावरची कैरी कुठल्या घटकेला आंबा होते? तुम्हीआम्ही असे प्रश्न मनात आणतो आणि विडी पेटवून विसरतो. नाझर छत्री घेऊन निघत.

वालावलला देवदर्शनाला म्हणून गेले आणि तिथे त्यांच्या डोक्यात आलं, की नदीचं पाणी गोडं आणि खाडीचं खारं, तर बदलतं नेमकं कुठे? होडी केली. नाझर होडीच्या काठावर ओणवे होऊन, ओंजळीने पाणी तोंडात घेत, चूळ भरत, होडीवाल्याला सांगताहेत, "गोडा आसा. चल. अजून गोडा. चल. हां, थांब." तिथे त्यांनी गाळात एक काठी रोवली. होडीवाला बिचारा म्हणाला, "नाझरानू, ती काठी भरतीक खोटी पडतली." यावर नाझर इतके खूश झाले, की ओहोटीला परत जाऊन त्यांनी दुसरी काठी रोवली. देवदर्शन राहिलंच.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हा इन्सुलीला कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. लग्न राहिलं बाजूला. सरहद्दीच्या नाक्यावरच्या पोलिसाला जाऊन यांनी विचारलं, की इथून चालत पुढे निघालेला माणूस नेमका कुठल्या पावलाला परका होतो? पोलिसाने त्यांना बसवून घेतलं. आता बसल्यावर आमचे नाझर शुद्ध मराठी बोलू लागले, त्यामुळे पोलिसाचा संशय आणखी वाढला. वरपक्षाकडची माणसं येऊन सोडवून घेऊन गेली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नाझरांची तक्रार मात्र वेगळीच. "तेका स्वतःक म्हायत नाय," ते मला म्हणाले. "रोज थंय उभो रवता, आणि कुठल्या पावलार ता म्हायत नाय."

अशा माणसाच्या हाताखाली भिवा बेलिफ होता, हे मला नेहमी देवाचं नाटक वाटत आलं आहे.

भिवा हा आमच्या कोर्टाचा सगळ्यांत लाडका बेलिफ. प्रतिवादींचा लाडका. पूर्वी गलबतावर खलाशी होता. गलबतांचा धंदा बसला तसा कोर्टात आला आणि वर्षानुवर्षं हंगामीच राहिला. धिप्पाड, काळा, हसला की सगळे दात दिसणारा. सकाळी त्याची पिशवी समन्सांनी भरून निघे आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत येई. प्रत्येक समन्सामागे एकच रिपोर्ट: "इसम मिळून आला नाही." एकदा तो मिठबावहून असाच परत आला तेव्हा पिशवीत समन्स होतंच, शिवाय हापूस होते. नाझरांनी एक आंबा हुंगला आणि म्हणाले, "मिळान न इल्लेल्या माणसाचा कलम बरां आसा रे."

भिवा आळशी नव्हता आणि लबाड तर मुळीच नव्हता. अडचण गुळाची होती. आमच्याकडे उन्हातून दारी आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात, मग विचारतात कोण आणि कुठला. ते नाकारणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. आणि ज्याच्या घरचं पाणी प्यालो, त्याच्याच हातात, तोंडातला गूळ विरघळायच्या आत, कोर्टाचा कागद ठेवायचा, हे भिवाला जमत नसे. तो पाणी पिई, सुखदुःख विचारी, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवी आणि पिशवीची गाठ न सोडता उठे. सगळ्या तालुक्याने हे ओळखलं होतं. पाणंदीच्या वळणावर भिवाची छत्री दिसली, की घराघरांतून हाक जाई, "गो, पाणी भायर काढ, भिवा इलो."

माझ्या वकिलांचे किती दावे त्या तांब्यांत बुडाले, काय सांगू.

अशात जिल्ह्याहून हुकूम आला. कोर्टाच्या दुय्यम नोकरांसाठी आणि वकिलांच्या कारकुनांसाठी प्रशिक्षणवर्ग घ्यावा. वर्ग संपल्यावर एक तपासणीचे साहेब येतील. जे हंगामी नोकर लायक ठरतील त्यांना कायम करावं. ठरणार नाहीत त्यांना घरी पाठवावं. हुकूम सगळ्यांसाठी होता, पण तो वाचल्यावर कचेरीतल्या प्रत्येकाने वळून भिवाकडे पाहिलं. भिवाकडे जमीन म्हणाल तर घराभोवतीची, कुळीथ पेरण्यापुरती. गलबतं गेली होती. कोर्टही गेलं तर चार तोंडं कशावर पोसायची, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या दिवशी तो हसला नाही.

वर्ग भरवायचं काम अर्थात नाझरांकडे आलं, आणि नाझरांना ही जोखीम न वाटता घरचं कार्य वाटलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना आमंत्रणं धाडली ती अशी: "आमचे येथे श्रीकृपेकरून कोर्टातील नोकरवर्गाचा प्रशिक्षणवर्ग योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब येऊन कार्य सिद्धीस न्यावे." एका वकिलाचा कारकून खरोखरच बायकोला घेऊन आला. तिला पहिल्या रांगेत बसवून पानसुपारी दिली.

वर्ग कोर्ट सुटल्यावर मागच्या पडवीत भरे. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं कायद्याची कलमं सांगतील. नाझर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय वर्ग मांडलेलो आसा, तो गोड करून घे रे म्हाराजा."

आमची तोंडं सवयीने उघडली. "व्हय म्हाराजा."

"जो कोण समन्स चुकवक माळ्यार चढान बसलेलो आसात, तेका सुखरूप खाली उतरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्येच्यात कोणाचा काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घालून तेका आपल्या कामार ठेव रे म्हाराजा."

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला भिवाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. आतून जज्जसाहेब काय दंगा म्हणून बघायला आले होते. ते दारातच हात जोडून उभे राहिले.

बाकीचं शिक्षण सरळ झालं. कोर्ट-फीचं तिकीट कुठे डकवायचं, पंच कोणाला म्हणावं, बंद घराच्या दारावर कागद कसा चिकटवावा. मग बजावणीचा धडा आला. नाझरांनी घरून पितळेचा तांब्या आणि गुळाचा डबा आणला. स्वतः प्रतिवादी झाले, आणि काय झाले म्हणून सांगू. पंचा लावून खांबाला टेकले, आवाज खाली आणला, डोळे किलकिले केले. समोर मुरलेला शेतकरी उभा. "कोण रे तो? भिवा मरे? ये, वयर ये. उन्हान काळो पडलंस."

"आधीच काळो आसंय," भिवा म्हणाला आणि पडवीत चढून पाणी प्याला.

"समन्स?" नाझर म्हणाले.

भिवाने ओठ पुसले. "विसारलंय."

पुन्हा केलं. पुन्हा प्याला. आम्ही पोट धरून हसत होतो. एकाने सुचवलं, नमस्कार करताना दोन्ही तळव्यांत समन्स धरावं आणि त्याने नमस्कार केला की सरकवून द्यावं. नाझर लगेच खुर्चीत बसले. "फसवून दिलेला कागद पोचतो, बजावला जात नाही," ते म्हणाले. "पुढे चला."

पण त्या संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत वालावलची होडी पाहिली. भिवा पाणी का पितो, याच्यात त्यांना रस उरला नव्हता. तो पाहुणा होतो, म्हणून पितो. मग पाहुणा नेमका कुठे होतो? कुंपणाचा गडगा ओलांडून आत आला की? तुळशीपाशी? "येवा" म्हटल्यावर, की तांब्या दिसल्यावर?

त्यानंतरच्या सुट्ट्यांत नाझर भिवाला घेऊन गावोगाव हिंडले. समन्स नाही, काही नाही. लोकांच्या खळ्यांत, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नुसतं जाऊन उभं राहायचं. कधी तुळशीपर्यंत जायचं आणि थांबायचं. कधी पायरीशी. घरात काय हालचाल होते ते बघायचं. लोकांना वाटलं नाझरांच्या डोक्यावर परिणाम झाला. एका म्हातारीने त्यांना अंगारा लावला. पण नाझर सोमवारी आले ते खडू घेऊन. पडवीच्या पहिल्या पायरीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"हंयसर," ते रेघेच्या अलीकडे उभे राहून म्हणाले, "सरकार." मग उडी मारून पलीकडे गेले. "आणि हंयसून पावणो. खळ्यात कितीय येळ उभो रव, लोक बघतत, इचारतत, पण तांब्यो भायर येणा नाय. पायरेर पाय पडलो काय घरात भांडा वाजलाच. सगळ्या घरांनी तसाच." इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर नंतर एकदाही पाहिला नाही. "भिवा, तू वयर चढा नको. खळ्यातसून कागद दी. मगे चढ आणि हवा तितक्या पाणी पी. पाण्याआधी कागद."

इतकं सोपं होतं. आणि भिवा पुन्हा चुकला. तो रेघेशी येई, थांबे, नाझर "वयर ये रे" म्हणत, आणि त्याचा पाय उचले. प्रत्येक वेळी.

शेवटी तो खाली बसला. "नाझरानू, कागद देवक माका भय नाय. पण कोण वयर बोलवता आणि मी खाली रवतंय, म्हणजे मी तेका आपलो म्हणणा नाय, असा होता. ता माझ्याच्यान जमणा नाय. तुमी माका घराक पाठवा."

नाझर बसले. हातातला खडू त्यांनी कोटाच्या खिशात टाकला. 

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तेव्हा फक्त कचेरीला माहीत होती. माझ्या वकिलांनी त्याच महिन्यात एक वाटणीचा दावा दाखल केला होता. वादी मुंबईला असत. राहतं घर आणि माडांची बाग दोघा भावांची होती. थोरल्याला आपला हिस्सा वेगळा हवा होता. धाकटा भाऊ, म्हणजे प्रतिवादी, आमचे नाझर. समन्स मीच माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं आणि नाझरांनी ते माझ्याकडून बसून घेतलं, शिक्का मारला आणि टेबलाच्या खणात ठेवलं. ते खणातच होतं. भिवाच्या पिशवीत राहत तशी समन्सं नाझरांच्या खणातही राहू शकतात, हे पाहून मला गंमत वाटली होती आणि वाईटही.

घरी त्यांनी सांगितलं नव्हतं. नाझरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. त्या दरवर्षी मुंबईच्या या दिरांना आमसुलं आणि फणसपोळ्या पाठवत, आणि त्या वर्षीच्या फणसपोळ्या नेमक्या तेव्हा अंगणात वाळत होत्या.

तपासणीचे साहेब आले ते वैशाखात. घाटावरचे होते, घामाने बेजार, पण माणूस कडक. त्यांनी कागद पाहिले, आम्हाला प्रश्न विचारले, मान हलवली. भिवाचे रिपोर्ट पाहिले तेव्हा मात्र हलवली नाही.

"या तालुक्यात माणसं राहतात की नाही?" त्यांनी विचारलं. "मी याच्याबरोबर जाऊन एक बजावणी स्वतः पाहीन. आजच. त्यावर ठरवू."

भिवाने पिशवी छातीशी धरली. नाझर बसलेले होते. त्यांनी खण उघडला आणि माझ्या अक्षरातलं समन्स टेबलावर ठेवलं.

साहेबांनी नाव वाचलं. "हे तर तुमचंच आहे. मग इथंच घ्या."

"इथे मी नाझर आहे," ते म्हणाले. "प्रतिवादी घरी राहतो."

"पण तुम्ही घेणारच असाल, तर परीक्षा कसली?"

"मी घेणार असं मी म्हटलेलं नाही. भिवा दारात आला की इतर लोक जे करतात तेच मी करीन. मी त्याला पाणी देईन."

एवढं बोलून ते उठले, टोपी घातली, आणि उभ्याने भिवाच्या कानाशी म्हणाले, "माझ्याकडसून तुका सूट नाय हां." आणि आमच्या आधी घरी निघून गेले.

प्रतिवादी ओळखून दाखवायला वादीकडचा माणूस बेलिफाबरोबर जायचा असतो. वादीकडचा माणूस म्हणजे मी. असे आम्ही तिघं भर दुपारी पाणंदीतून चाललो. पुढे भिवा, मध्ये साहेब, मागे मी. चिऱ्याच्या गडग्यांतून वाफा निघत होत्या. 

नाझर पडवीत उभे होते. कोट उतरवलेला, कमरेला पंचा. वर्गात सोंग घेतलं होतं तसेच, फक्त हे सोंग नव्हतं.

"येवा, येवा. खंय वाट चुकलास?"

साहेब सरळ पायऱ्या चढून बाकावर बसले. आत भांडं वाजलं. वहिनी बाहेर आल्या, साहेबांनी गूळ तोंडात टाकला, गटागटा पाणी प्याले आणि रुमालाने मान पुसत लिहायचा कागद मांडीवर घेतला. आमच्याकडच्या माणसाला त्या पाण्यानंतर वाईट शेरा लिहिता आला नसता. पण साहेब घाटावरचे. त्यांना आला असता.

मी तुळशीपाशी थांबलो. भिवा पायरीशी. वहिनी दुसरी ताटली घेऊन आल्या. त्यावर गुळाचा खडा आणि तांब्या.

"भिवा, तिकडे उन्हात कित्या? वयर ये."

भिवाचा पाय उचलला. मी पाहिला. पायरीच्या वर, हवेत.

"ये रे," नाझर म्हणाले. अगदी मऊ आवाजात, आणि तो मऊपणा खोटा नव्हता. "तुझ्या लग्नात पंगतीक पाणी मी वाढलंय. आज माझ्या घरचा पाणी नको तुका? बायलमाणूस ताट घेवन उभी आसा."

तो पाय पुन्हा मातीवर आला.

"वयनी," भिवा म्हणाला, "पाणी मगे. आज मी पावणो म्हणान येवक नाय."

वहिनींच्या तोंडावरचं हसू गेलं. या घरात भिवाला कोणी कधी परकं मानलं नव्हतं. गणपतीत तो पाटापर्यंत आत येई. त्या नवऱ्याकडे वळल्या.  आणि मग भिवाने खळ्यात ताठ उभं राहून नाझरांचं नाव घेतलं. त्यांचं, बापाचं, आडनाव. नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. कानाला ते कुणा दुसऱ्याच माणसाचं नाव वाटलं.

"ह्या दाव्यातले प्रतिवादी ते तुमीच?"

"मीच."

भिवाने माझ्याकडे पाहिलं. मी बोट केलं आणि "हेच ते इसम" म्हटलं. गावच्या नाटकांत मी पुष्कळ कामं केली, पण इतकं छोटं वाक्य मला इतकं जड कधी गेलं नाही.

"दावो?" वहिनी म्हणाल्या. "कोणाचो दावो?"

ते सांगणं बेलिफाचं काम नव्हतं, आणि भिवाने ते केलं नाही. हात पुढे करून कागद धरून राहिला. हात मागे आला नाही.

"दादाचो," नाझर म्हणाले.

पडवीतून कागद हाताशी येत नव्हता आणि भिवा वर येत नव्हता. म्हणून नाझर खाली उतरले. समन्स घेतलं, तिथेच पहिल्या पायरीवर बसले, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, आणि बसल्याबसल्या वर न बघता म्हणाले, "समन्स मिळाले. दाव्याची नक्कल मिळाली. तक्रार नाही."

साहेबांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: कायम करण्यास हरकत नाही. मग त्यांना काहीतरी आठवलं. "एवढ्या उन्हात हा पाणी का घेत नव्हता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, लांबची गोष्ट आहे. तो दावा पुढे रीतसर चालला, माडांची वाटणी झाली, घरात भिंत आली. विहीर तेवढी दोघांत सामायिक राहिली. ते समन्स भिवाबरोबरच का पाठवलंत, हे मी नाझरांना एकदा व्हरांड्यात विचारलं. ते आत जाऊन खुर्चीत बसले.

त्या दुपारी मात्र, सही झाल्यावर, नाझर पायरीवरून उठले. बाजूला सरून त्यांनी वाट मोकळी केली.

"आता वयर ये," ते भिवाला म्हणाले. "आता पावणो आसस."

भिवाने पायरीवर पाय ठेवला. वहिनी ताटली धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी तांब्याला हात लावून पाहिला. एवढ्या वेळात पाणी कोमट झालं होतं. त्या खाली आल्या, ते पाणी तुळशीत ओतलं, आणि दुसरं आणायला आत गेल्या.

जरा वेळ लागला त्यांना. आल्या तेव्हा डोळ्यांना पदर लावून आल्या होत्या, आणि ताटलीत गुळाचे दोन खडे होते. एक त्यांनी भिवाच्या हातावर ठेवला. दुसरा नवऱ्याच्या.

भिवा तांब्या उंच धरून पीत राहिला. नाझर तो खडा गालात धरून खळ्यात उभे होते. मी कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, पण त्या घटकेला त्यांना दोन्हींतली एकही भाषा येत नव्हती.